रॉकेटची उंची सांगण्याआधी मोटरची फाईल तपासा

मॉडेल रॉकेटच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना आधी नोज कोन, फिन, पॅराशूट यांचंच आकर्षण असतं. ओपनरॉकेट या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये डिझाईन काढायचं, यादीतून मोटर निवडायची, बटण दाबायचं आणि जी उंची येईल ती प्रेझेंटेशनमध्ये टाकायची. मोटरच्या यादीमागे प्रत्येक मोटरच्या आकड्यांची एक फाईल असते आणि ती उघडून पाहता येते, हे बऱ्याच जणांना शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नसतं. मी सांगलीत मेकॅनिकल केलं, आता कुपवाड एमआयडीसीत टेस्टिंगचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या टीमबरोबर बसते. तुम्ही टीममध्ये नवे असाल तर मोटर डेटाचं काम मागून घ्या. ते कुणी मागत नाही, आणि शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं.

मोटरच्या नावापासून सुरुवात करू. सी६-५ मधलं ‘सी’ अक्षर एकूण इम्पल्सचा (मोटरचा रेटा गुणिले वेळ) वर्ग सांगतं. ए म्हणजे १.२६ ते २.५० न्यूटन-सेकंद, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट, म्हणून सी म्हणजे ५.०१ ते १०. सहा हा सरासरी थ्रस्ट, म्हणजे रेटा, न्यूटनमध्ये. पाच म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारा चार्ज पेटेपर्यंतचे सेकंद. नवखा माणूस यावरून गणित मांडतो: ६ न्यूटन, १.६७ सेकंद, एकूण १०. गणित बरोबर आहे, पण खरी मोटर अशी जळत नाही.

एस्टेस या कंपनीच्या सी६ ची प्रचलित फाईल उघडा. थ्रस्टकर्व्ह या साईटवर ती फुकट मिळते. कॉमेंट सोडल्या की पहिली ओळ अशी (मूळ फाईलमध्ये रोमन अक्षरं असतात): सी६ १८ ७० ०-३-५-७ ०.०१०८ ०.०२३१ ई. म्हणजे नाव, व्यास मिलिमीटरमध्ये, लांबी मिलिमीटरमध्ये, मिळणारे डिले (पॅराशूटचा चार्ज पेटेपर्यंतचे सेकंद), इंधनाचं वजन किलोत, पूर्ण मोटरचं वजन किलोत, कंपनी. खाली वेळ आणि थ्रस्टच्या जोड्या. हा फॉरमॅट जी. हॅरी स्टाइन यांच्या रास्प नावाच्या जुन्या प्रोग्रामपासून चालत आला आहे. सुरुवातीचा शून्य-शून्य बिंदू त्यात लिहीत नाहीत, तो धरलेलाच असतो, आणि शेवटच्या ओळीत थ्रस्ट शून्यच लागतो. वजनं किलोत आहेत हे नीट लक्षात ठेवा. ग्रॅम समजून कुणी १०.८ लिहिलं, तर बोटभर मोटरमध्ये पावणेअकरा किलो इंधन भरल्यासारखं होतं.

आता आकडे. ०.१३९ सेकंदाला थ्रस्ट ९.९४ न्यूटन, ०.१९२ ला १४.०९, आणि ०.२३१ ला ७.३८ वर उतरलेला. ०.३७ नंतर तो साधारण ४.४ वर सपाट चालतो आणि १.८६ सेकंदाला संपतो. कागद घ्या आणि ट्रॅपेझॉइडल नियमाने (दोन बिंदूंमधला भाग समलंब चौकोन धरून) वक्राखालचं क्षेत्रफळ काढा; तोच एकूण इम्पल्स. मी प्रत्येक नव्या मुलाकडून हे हाताने करून घेते, कारण न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरात पाठ केलेला नियम इथे पहिल्यांदा कामाला येतो. पहिल्या ०.३७ सेकंदात जवळजवळ २.३८ न्यूटन-सेकंद, सपाट भागात ६.३६, शेपटीत किरकोळ. एकूण ८.८२. म्हणजे नावावरून धरलेले १० हे खऱ्यापेक्षा १३ टक्क्यांनी जास्त, आणि सरासरी थ्रस्ट ६ नाही, ४.७४.

उंचीपेक्षा मोठा फरक लाँच रॉडवर, म्हणजे सुरुवातीला रॉकेट सरळ धरणाऱ्या सळईवर, पडतो. ८० ग्रॅमचं रॉकेट आणि एक मीटरचा रॉड धरा, हवेचा रोध सोडून द्या. सपाट ६ न्यूटनने रॉड सोडताना वेग येतो ११.४ मीटर प्रति सेकंद. खऱ्या वक्राने तोच वेग १५-१६ च्या घरात जातो, कारण रॉकेट रॉडवर असतानाच तो १४ न्यूटनचा सुळका येऊन जातो. फिननी रॉकेट सरळ धरायला किमान १३-१४ चा वेग हवा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे चुकीच्या फाईलने चांगलं डिझाईन नापास झालं असतं. आणि जी मोटर हळू चढते, तिची फाईल सपाट लिहिली तर धोकादायक रॉकेट पास होतं. हे दुसरं जास्त गंभीर, कारण वाकडं गेलेलं रॉकेट माणसांच्या दिशेने येऊ शकतं.

फाईल खरी वाटते की नाही हे ओळखायला माझी आवडती कसोटी स्पेसिफिक इम्पल्सची, म्हणजे इंधनाच्या वजनामागे किती इम्पल्स मिळतो त्याची. एकूण इम्पल्सला इंधनाचं किलोतलं वजन आणि ९.८१ यांच्या गुणाकाराने भागा. वरच्या फाईलला ८३ सेकंद येतात. काळ्या दारूच्या (गनपावडरच्या) मोटरला ८० च्या आसपास यायलाच हवेत. जुन्या कॅटलॉगमध्ये याच मोटरचं इंधन १२.४८ ग्रॅम दिलेलं होतं, त्याने भागलं तर ७२ येतात. दोन्ही आकडे अजून फिरत असतात, म्हणून फाईल कुठल्या वजनावर बेतली आहे ते पाहायचं. अमोनियम परक्लोरेटच्या कंपोझिट मोटरला साधारण १८० ते २२० येतात. काळ्या दारूच्या मोटरला १५० आले, तर कुठेतरी आकडा चुकला आहे हे समजून चालायचं.

थ्रस्टकर्व्हवर एकाच मोटरच्या दोन-तीन फाईली दिसतात. प्रत्येकीपुढे आकडे कुणाचे ते लिहिलेलं असतं: प्रमाणन संस्थेने मोजलेले, कंपनीने दिलेले, की कुणा वापरकर्त्याने तयार केलेले. अमेरिकेत नार आणि ट्रिपोली या संस्था मोटरची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. मी प्रमाणन संस्थेची फाईल आधी घेते, पण तिच्यावरही क्षेत्रफळाची आणि स्पेसिफिक इम्पल्सची कसोटी लावल्याशिवाय पुढे जात नाही.

यापुढची पायरी म्हणजे स्वतः मोजणं. इथे आपल्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. कवठे एकंदच्या दसऱ्याची आतषबाजी पाहत मोठी झालेली आपण माणसं, त्यामुळे दारू भरणं हे ओळखीचं काम वाटतं. ते करायचं नाही. अशा मोटरी १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात, नियमन नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्र सरकारची संस्था करते. मोटर कॉलेजमार्फत, परवानाधारकाकडूनच घ्या. इन-स्पेस या केंद्राच्या अंतराळ संस्थेच्या मॉडेल रॉकेट्री स्पर्धेसारख्या उपक्रमात भाग घेतलात तर मोटरचा प्रश्न आयोजकांच्या देखरेखीखाली सुटतो. घरी, हॉस्टेलवर, शेतातल्या खोलीत काहीही मिसळू नका.

कॉलेजच्या परवानगीने आणि सरांच्या देखरेखीखाली स्टॅटिक टेस्ट (मोटर जागेवर घट्ट धरून जाळणं) करायला मिळाली, तर सगळी गंमत मोजण्यात आहे. बहुतेक टीम लोड सेलला (बल मोजणाऱ्या सेन्सरला) त्याचे आकडे वाचणाऱ्या एचएक्स७११ चिपचा बोर्ड जोडतात. स्वस्त आहे, मिरज-सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही मिळून जातो. पण बाजारातले बहुतेक बोर्ड सेकंदाला १० वाचनांवर लावलेले येतात. आता वरचा वक्र आठवा: ७ न्यूटनच्या वरचा सगळा सुळका साधारण ०.१२ सेकंदात उरकतो. १० वाचनांत तुम्हाला त्यातला एखादा बिंदू मिळेल, तोही नेमका कुठला ते नशिबावर. चिपची रेट पिन पुरवठ्याच्या व्होल्टेजला जोडून ८० वाचनं करता येतात, तरी त्या चिपला आकडा स्थिर व्हायला ५० मिलिसेकंद लागतात, म्हणून शिखर थोडं बोथटच येतं. एनएयू७८०२ हा तसाच दुसरा बोर्ड सेकंदाला ३२० वाचनं देतो. जमत असेल तर तोच वापरा.

कॅलिब्रेशनला मोबाईल, पाण्याची बाटली असलं काही टांगू नका. वैधमापन विभागाचा शिक्का असलेली वजनं किराणा दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून आणा. २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, एक किलो. चढत्या क्रमाने एकदा, उतरत्या क्रमाने एकदा, आणि टेस्ट झाल्यावर पुन्हा. पहिल्या आणि शेवटच्या वाचनात फरक आला तर तो लिहून ठेवा, पुसू नका.

एक बारकावा सहसा निसटतो. नोझल वर करून मोटर लोड सेलवर उभी ठेवली, की जळताना मोटरचं वजन घटत जातं. १०.८ ग्रॅम म्हणजे ०.१ न्यूटनच्या वर. सुरुवातीला टेअर केलेलं (मोटर ठेवून जुळवलेलं) शून्य शेवटी तेवढं खाली सरकलेलं असतं. एकूण इम्पल्समध्ये यामुळे साधारण एक टक्का कमी येतो. टेस्टच्या आधी आणि नंतर मोटर चांगल्या काट्यावर तोला, फरक काढा आणि इम्पल्स जितका खर्च झाला त्या प्रमाणात तो दर बिंदूत मिळवत जा. रिकाम्या मोटरच्या वजनात डिलेची आणि चार्जची दारूही गेलेली असते, म्हणून हा फरक इंधनाच्या वजनापेक्षा थोडा जास्त येतो, ते स्वाभाविक आहे.

आपल्या भागातला उन्हाळाही हिशेबात घ्या. काळ्या दारूची मोटर बंद गाडीत तापली आणि रात्री गार झाली, असं होत राहिलं की इंधन कवचापासून सुटतं किंवा त्याला तडा जातो. अशी मोटर पेटताच फुटू शकते. तिचा वक्र कुठल्याच फाईलशी जुळणार नाही.

सिम्युलेशनमध्ये लाँचच्या जागेची उंची आणि तापमानही भरा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना इथल्या हवेची घनता १.०६ किलो प्रति घनमीटर येते, तर सॉफ्टवेअर न विचारता १.२२५ च्या आसपास धरून चालतं. रोध १३ टक्क्यांनी कमी, उंची जास्त. जागा मात्र कृष्णाकाठची नको. उभ्या उसात रॉकेट पडलं तर सापडत नाही, आणि वाळलेल्या पाचटाला ठिणगी पुरते. पूर्वेकडे जतच्या बाजूला मोकळा माळ आहे. शेतमालक, कॉलेज आणि पोलीस यांची परवानगी आधी लेखी घ्या.

उड्डाण झालं, अल्टिमीटरने सिम्युलेशनपेक्षा कमी उंची दाखवली, की टीममधलं कुणीतरी मोटरच्या फाईलमधला थ्रस्ट थोडा उतरवून आकडे जुळवायला निघतं. ते होऊ देऊ नका. फाईल स्वतंत्रपणे तपासलेली असेल तर फरक बहुधा ड्रॅगमध्ये (हवेच्या रोधात) असतो: रंगाचा खडबडीतपणा, फिनच्या कडा, लाँच लग (रॉडवर सरकणारी नळी). ओपनरॉकेटमध्ये पृष्ठभागाचा फिनिश बदला, रॉकेटचं खरं वजन भरा, पुन्हा चालवा. सँपो निस्कानेन यांचा हेलसिंकीचा २००९ चा प्रबंध, ज्यातून हे सॉफ्टवेअर आलं, तो मोफत मिळतो. त्यातलं ड्रॅगचं प्रकरण या टप्प्यावर वाचा, आधी वाचलंत तर जड जाईल.

नोकरीच्या मुलाखतीत मला रॉकेट किती उंच गेलं हे कुणी विचारलं नाही. लोड सेलचं कॅलिब्रेशन कसं केलं, सँपलिंग रेट (सेकंदाला किती वाचनं) का बदलला, हे विचारलं. पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंग तपासणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांत रोज हेच चालतं. म्हणून नोंदवही जपा, आणि स्वतः केलेल्या फाईलच्या वर अर्धविरामाने सुरू होणाऱ्या कॉमेंटच्या ओळींत तारीख, तापमान, मोटरचा बॅच, लोड सेल, सँपलिंग रेट आणि वजनाची दुरुस्ती केली की नाही, एवढं लिहाच. पुढच्या वर्षीची टीम ती फाईल उघडेल तेव्हा तुम्ही कॉलेजात नसाल.