ब्लेकची 'लंडन' अभ्यासताना शब्दांची पारख कशी करावी

बी. ए. किंवा एम. ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना कवितेचा सारांश लिहिता येतो, पण 'भाषेच्या अंगाने विवेचन करा' म्हटलं की पेन अडतं. सरावासाठी इंग्रज कवी विल्यम ब्लेकची 'लंडन' (१७९४) घ्या. ओळी जेमतेम १६, शब्द बहुतेक साधे. पण चार-पाच शब्दांचे अर्थ चुकले की कविताच निसटते.

आधी कोश न उघडता दोनदा मोठ्याने वाचा. मग ओळींमध्ये जागा सोडून वहीत उतरवा आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. 'एव्हरी' ७ वेळा सापडेल, त्यातला ५ वेळा दुसऱ्याच कडव्यात. पहिल्या कडव्यात 'मार्क' ३ वेळा येतो: एकदा क्रियापद म्हणून, न्याहाळणं या अर्थाने, आणि दोनदा नाम म्हणून, चेहऱ्यावरच्या खुणा. पाहण्याची क्रिया आणि पाहिलेलं दुःख एकाच शब्दात आल्यामुळे निवेदक त्या गर्दीपासून अलिप्त राहत नाही.

आता कोश. खिशातला कोश इथे पुरत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी पाहा, कारण तिच्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात. १७९४ च्या आसपास प्रचलित असलेलेच अर्थ टिपा.

सर्वांत जास्त वेळ पहिल्याच ओळीत रस्त्यांना लावलेल्या 'चार्टर्ड'ला द्या. चार्टर म्हणजे सनद. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली अशाच सनदेवर उभी राहिली. लंडन शहरालाही सनदा होत्या आणि त्या नागरिकांच्या स्वातंत्र्याची खूण मानल्या जात. राजकीय लेखक टॉमस पेनने १७९२ मध्ये उलट मांडलं: सनद हक्क देत नाही, ती बाकीच्यांचे हक्क काढून घेते. ब्लेकच्या वहीतल्या खर्ड्यात या जागी 'डर्टी' होतं. हे दोन शब्द आलटून पालटून ठेवून पाहा. घाणेरडा रस्ता झाडून साफ होतो; सनदेने बांधलेला रस्ता कुणाच्या तरी ताब्यात असतो. आणि इथे तर वाहती थेम्सही 'चार्टर्ड' आहे! कोणत्याही कवितेला लावावी अशी ही कसोटी: शब्द बदला आणि काय हरवलं ते लिहा.

नवखे अभ्यासक कोशातले सगळे अर्थ उत्तरात ओततात. अर्थाला कवितेतच साक्षीदार हवा. 'बॅन' म्हणजे बंदी, शाप आणि लग्नाआधी चर्चमध्ये होणारी जाहीर घोषणाही. हा तिसरा अर्थ घेता येतो, कारण कविता लग्नाच्या शववाहिनीवर संपते.

तिसऱ्या कडव्यात घोटाळा वाक्यरचनेचा होतो. धुराडी साफ करणाऱ्या मुलाची आरोळी हा कर्ता, चर्च हे कर्म आणि 'अपॉल्स' हे क्रियापद शेवटी. मराठी वाचकाला हा क्रम ओळखीचा आहे, तरी अनेकजण चर्चलाच कर्ता करून बसतात. 'अपॉल'चा जुना अर्थ फिकं पडणं. म्हणजे काजळीने काळवंडणारं चर्च त्या आरोळीने पांढरंफटक पडतं. याच चार ओळींची आद्याक्षरं एच, ई, ए, आर अशी आहेत, आणि आधीचं कडवं 'आय हिअर'वरच संपलेलं. हे जरूर नोंदवा, पण अख्खं उत्तर त्यावर उभारू नका.

शेवटचं कडवं स्वतः सोडवा. 'ब्लास्ट' आणि 'ब्लाइट' हे दोन्ही शब्द उभं पीक करपवणाऱ्या रोगासाठीही वापरले जात. इथे ते तान्ह्या मुलाच्या आसवांवर आणि लग्नावर का पडले, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.