ग्रासकटरसाठी पेट्रोल-ऑइलचे मिश्रण : या चुका टाळा

पावसाळा सरता सरता कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणीला, म्हणजे गवत कापण्याला, वेग येतो आणि ग्रासकटर दिवसदिवस चालू लागतात. अशा वेळी इंजिन जाम झाले की दोष बहुधा यंत्राच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात पेट्रोलमध्ये ऑइल चुकीच्या प्रमाणात पडणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. बहुतेक ग्रासकटरना टू-स्ट्रोक इंजिन असते आणि त्यात ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या पोकळीतून) जातात, त्या वाटेवर पेट्रोलमधले ऑइलच बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि सिलिंडर यांना वंगण पुरवते आणि मग पेट्रोलबरोबर जळून जाते.

सर्वांत घातक चूक प्रमाण वाचण्यात होते. पुस्तिकेत ५०:१ असे छापलेले असते, त्याचा अर्थ पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, म्हणजे एक लिटरला २० मिली. अनेकजण तो आकडाच मिलीलिटर समजून लिटरला ५० मिली ऑइल ओततात. यात धूर होतो, प्लग काळा पडतो, पण इंजिन निदान तगते. २५:१ च्या यंत्रात मात्र हीच समजूत उलटी फिरते, कारण तिथे लिटरला ४० मिली ऑइल लागते आणि पडते फक्त २५ मिली. एक हजाराला पहिल्या आकड्याने भागावे, हा हिशेब कायम लक्षात ठेवावा : ४०:१ असेल तर २५ मिली, ३०:१ असेल तर सुमारे ३३ मिली. मोजण्यासाठी बाटलीचे झाकण वापरू नये, कारण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळ्या मापाचे असते. औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलीची सिरिंज या कामाला उत्तम.

‘थोडे जास्त ऑइल पडले तर इंजिनाला बरेच’ हा समजही खरा नाही. जास्तीचे ऑइल पेट्रोलची जागा घेते, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. शिवाय सायलेन्सरची जाळी आणि एक्झॉस्टचे तोंड काजळीने बुजत जाते व यंत्राचा जोर उतरतो.

ऑइल टू-टीचेच (टू-स्ट्रोक इंजिनासाठी बनवलेले) हवे, आणि डब्यावर जासो या जपानी मानक संस्थेचा एफसी किंवा एफडी हा दर्जा पाहून घ्यावा. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल जळण्यासाठी बनवलेले नसते, त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते. याउलट काही ग्रासकटर फोर-स्ट्रोक असतात. त्यांना ऑइल भरायचे झाकण वेगळे असते आणि टाकीत नुसते पेट्रोलच घालायचे असते.

मिश्रण यंत्राच्या टाकीत करू नये. पेट्रोलच्या स्वच्छ कॅनमध्ये अर्धे पेट्रोल घ्यावे, मोजलेले ऑइल घालून हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. टाकी भरण्यापूर्वी कॅन दरवेळी हलवणे चांगले. मिश्रणाला आलेल्या निळ्या किंवा हिरव्या रंगावरून ऑइल पडले आहे एवढेच कळते, किती पडले ते कळत नाही.

जुन्या मिश्रणाचा धोका आता वाढला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह तळाशी बसते आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, त्यामुळे तळातून ओढणाऱ्या इंजिनाला वंगणच मिळत नाही. कोकणच्या दमट हवेत तर महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करावे आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत यंत्र चालवावे.

चुकून नुसते पेट्रोल भरले गेले आणि चालता चालता आवाज बदलून यंत्र दमू लागले, तर ते तत्काळ बंद करावे. थंड झाल्यावर दोर अलगद ओढून पाहावा; तो अडकत असेल किंवा अगदीच सैल येत असेल तर पुन्हा पुन्हा ओढू नये. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे दिसले तर यंत्र थेट मिस्त्रीकडे न्यावे. पिस्टन गुळगुळीत असेल तर टाकीतले सगळे पेट्रोल काढून ताजे, मोजून केलेले मिश्रण भरावे आणि पहिली काही मिनिटे यंत्र भाराशिवाय चालवावे.