आश्रमशाळेसाठी बालरोगतज्ज्ञ नेमताना

गडचिरोली किंवा मेळघाटातील आश्रमशाळेसाठी बालरोगतज्ज्ञांची नियमित भेट ठरवताना मुख्याध्यापकांनी एमबीबीएसनंतरची बालरोगशास्त्रातील एमडी, डीएनबी किंवा डीसीएच यांपैकी एक अर्हता आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची चालू नोंदणी पाहून घ्यावी.

खरे काम प्रवेशाच्या आठवड्यात सुरू होते. प्रत्येक मुलाची उंची व वजन मोजावे, खालची पापणी ओढून रक्तक्षयाचा फिकेपणा पाहावा, आणि सिकलसेलची (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराची) विद्राव्यता चाचणी, म्हणजे रक्ताची प्राथमिक चाचणी, सकारात्मक आल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या एचपीएलसी तपासणीने मूल वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेले) आहे की रुग्ण हे निश्चित करून घ्यावे, कारण वाहकाला सहसा उपचार लागत नाहीत. रुग्णाला मात्र नियमित औषध, भरपूर पाणी आणि थंडीत उबदार पांघरूण लागते. सिकलसेलग्रस्त मुलाला ताप आला, छातीत दुखले किंवा पोटाचा डावा भाग फुगला, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात हलवावे, ही लेखी सूचना डॉक्टरांनी वसतिगृहाच्या अधीक्षकांना द्यावी. रात्री मुलांजवळ अधीक्षकच असतात.

पावसाळ्यात तापाच्या प्रत्येक मुलाची मलेरिया चाचणी त्याच दिवशी करावी.

माडिया किंवा कोरकू बोलणारे सहा वर्षांचे मूल ‘कुठे दुखते?’ या प्रश्नावर नुसते पाहत राहते. तपासताना त्याच भाषेची मोठी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी शेजारी बसवावा.