पहिलं युकुलेले घेताय? तीन-चार हजारात बरं कसं निवडायचं

बजेट आधीच सांगतो. आत्ताच्या भावात साधारण अडीच ते चार हजारात शिकायला पुरेल असं युकुलेले, म्हणजे चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य, मिळतं. हजार-बाराशेला मिळतं ते निळं-गुलाबी, दिसायला एक नंबर असतं खरं सुरात राहत नाही, आणि सुरात न राहणारं वाद्य नवशिक्याच्या हातात दिलं की त्याला वाटतं आपल्यालाच काही जमत नाही, मग महिन्याभरात ते कपाटावर जाऊन बसतं. सात-आठ हजाराचं पहिल्यांदाच घ्यायची पण गरज नाही. रंग, नक्षी, स्पीकरला जोडायची पिन असलं काही बघू नका, तारा फार वर नाहीत ना आणि सूर टिकतो का एवढं बघा. बाकी सगळं मग सुचेल.

आधी साइज ठरवा

सोप्रानो 21 इंच, कॉन्सर्ट 23 (काही कंपन्या 24 लिहितात), टेनर 26 आणि बॅरिटोन 30 च्या आसपास. बॅरिटोन आत्ता सोडून द्या, त्याच्या तारा गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारांसारख्या लावतात आणि यूट्यूबवर नवशिक्यांसाठी जे शिकवतात ते बहुतेक सगळं जी-सी-ई-ए (चार तारांचे स्वर) वर असतं, म्हणजे बाकीच्या तीन साइजचं. सात-आठ वर्षांच्या पोराला सोप्रानो बरोबर बसतं. मोठ्या माणसानं सोप्रानो घेऊ नये असं नाही, खरं डी कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे स्वर) धरून बघा एकदा: तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, त्यांच्या मधल्या घरात) शेजारी-शेजारी दाबायची असतात, शेतात राबलेला जाड हात असेल तर तिसरं बोट चौथ्या तारेवर चढतंय. म्हणून मोठ्यांनी सरळ कॉन्सर्ट घ्यावं असं माझं मत. टेनर चांगलंच असतं, फक्त त्याच पैशात थोडा हलका माल हातात येतो.

एक गोष्ट दुकानात नीट बघून घ्या, तारा चार पाहिजेत आणि नायलॉनसारख्या पाहिजेत. सहा तारांचं छोटं गिटार पुढं करून "हे पण तेच की ओ" म्हणणारे भेटतात. ते तेच नव्हे. आणि गिटारच्या स्टीलच्या तारा युकुलेलेला कधीच लावू नका, त्यांचा ताण जास्त असतो, ब्रिज (पोटावर तारा जिथं बांधतात ती पट्टी) उपटून निघेल.

लाकडाचं काय

पूर्ण सॉलिड लाकडाचं महाग असतं आणि आपल्या बेळगाव पट्ट्यात ते सांभाळायला पण अवघड. खानापूर-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात आणि तिकडं अथणी-चिकोडीला उन्हाळ्यात हवा अशी कोरडी की लाकूड तडकायला बघतं. थर चिकटवून केलेलं लॅमिनेट असतं ते या दोन्हीला जास्त दाद देत नाही, आवाज थोडा कमी खुलतो एवढंच, पहिल्या वाद्याला चालतंय. महोगनी, सापेली असली नावं लिहिलेली असतात, लॅमिनेटमध्ये त्यानं फार फरक पडत नाही.

खुंट्या मात्र बघा. गिटारसारख्या बाजूला निघालेल्या गिअरच्या खुंट्या असतील तर तार हळूहळू चढवता येते. मागच्या बाजूला सरळ निघालेल्या, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या पण असतात, स्वस्त मालात त्या सटकतात आणि जरा फिरवलं की सूर एकदम पुढं उडी मारतो. नवशिक्याला गिअरवाल्याच बऱ्या.

हातात घेतल्यावर काय तपासायचं

खरी निवड इथंच होते, तेव्हा घाई करू नका, दुकानदार बाजूला उभा असला तरी असू दे.

मानेच्या दोन्ही कडांवरनं बोट वरनं खाली फिरवा. फ्रेटची टोकं बोटाला ओरखडत असतील तर ते ठेवून दुसरं मागा. मग मान डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरल्यासारखं लांबून बघा, पिळलेली किंवा पोटात वाकलेली दिसली तर नको.

आता तारांची उंची. बाराव्या फ्रेटजवळ (सहसा मान आणि पोट जुळतात तिथंच किंवा आसपास) तार आणि फ्रेट यांच्यात साधारण अडीच-तीन मिलिमीटर अंतर असावं. मोजपट्टी कोण घेऊन फिरतंय, एटीएम कार्ड काढा. एक कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं, म्हणजे तीन कार्डं सव्वादोनच्या पुढं आणि चार कार्डं तीन मिलिमीटर. तीन कार्डं एकावर एक ठेवून तार न उचलता आत गेली पाहिजेत, चार घालून पण वर मोकळी जागा दिसत असेल तर तार उंच आहे, बोटं दुखणार.

दुसरं टोक म्हणजे नट, ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतनं तारा खुंट्यांकडं जातात ती पट्टी. स्वस्त मालात सगळ्यात जास्त घोळ इथंच असतो, खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली बघा, जेमतेम कागद जाईल एवढी फट पाहिजे. त्यापेक्षा जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवर दाबलेला प्रत्येक स्वर चढा लागतो आणि नवशिक्याच्या निम्म्या कॉर्ड तिथंच असतात. गिटार दुरुस्त करणारा दहा-पंधरा मिनिटांत खाच घासून देतो, म्हणजे बाकी सगळं चांगलं असेल तर एवढ्यावरनं नाकारू नका, घासून द्याल का म्हणून विचारा, आणि भाव करताना ते बोलायला विसरू नका.

मग मोबाइलवर फुकटचं ट्यूनर ॲप उघडा. चारी तारा सुरात लावून घ्या, मग एकेक तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, तोच स्वर एक सप्तक वर यायला पाहिजे. ए ची तार मोकळी 440 हर्ट्झवर लागते, बाराव्यावर 880. काटा किंचित इकडं-तिकडं गेला तर चालतं, बोटाच्या दाबानं पण हलतो, खरं जवळजवळ पुढच्या स्वराकडं निघाला असेल तर ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवलाय, ते नीट करून घेणं सोपं नाही. सोडून द्या. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. कंटाळवाणं काम आहे खरं झर्र आवाज कुठं येतो ते असंच कळतं. मिरजेच्या तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढून तो गुंजारव आणतात, इथं मात्र झर्र म्हणजे दोष, एखादा फ्रेट वर आलाय.

कुठनं घ्यायचं

बेळगावात वाद्यांच्या दुकानांत दोन-चार पीस बघायला मिळतात, निपाणी-संकेश्वरवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतं आणि खानापूरकडच्यांचं गोव्याला जाणं-येणं असतंच, मडगाव-पणजीत पण विचारा. गोव्याचा विषय निघालाच तर, या वाद्याचा मूळ पुरुष पोर्तुगीजच. 1879 मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातनं पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं हवाईला उसाच्या मळ्यात कामाला गेली, जाताना त्यांच्याकडं चार तारांचं छोटं वाद्य होतं, त्यावरनं तिथं युकुलेले झालं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे माहीत असायला हरकत नाही.

दुकानात शंभर-दोनशे जास्त गेले तरी हातात घेऊन बघता येतं म्हणून मी दुकानच म्हणीन. ऑनलाइन घेणार असाल तर कॅडेन्स, जुआरेझ, वॉल्ट ही नावं या भावात दिसतील, काला आणि महालो पण मिळतात, नाव कुठलंही असू दे, परत करायची मुदत किती ते आधी वाचा आणि बॉक्स आला त्याच दिवशी वरच्या सगळ्या तपासण्या करा, सणाला उघडू म्हणून ठेवून देऊ नका. "कॉम्बो"मध्ये बॅग, पट्टा, पुस्तक, ट्यूनर, पिक (तारा छेडायची चकती) असं भरून देतात, त्यातली बॅग आणि ट्यूनर कामाचे, पिक तर लागतच नाही, बोटांनीच वाजवायचं.

जुनं पण बघा. कॉलेजची पोरं हॉस्टेल सोडताना विकतात, निम्म्या भावात चांगला माल मिळतो. ब्रिजखाली पातळ कागद सरकतो का बघा, सरकला तर ब्रिज सुटत आलाय. जुन्या तारांना नाकं मुरडू नका, त्या बदलता येतात, आणि चांगल्या तारांचा सेट घातला तर साधं वाद्य पण खूप सुधारतं.

घरी आणल्यावर

पहिला आठवडाभर तारा सारख्या उतरत राहतील, ते वाद्य खराब म्हणून नव्हे, नव्या तारा ताणायला वेळ घेतात. रोज दोन-तीनदा लावत बसा.

घरात भजनाची पेटी असेल तर ॲप पण नको. वाद्य मांडीवर धरल्यावर तुमच्या चेहऱ्याकडची, सगळ्यात वरची तार पांढरी 5 ला, तिच्या खालची पांढरी 1 ला, मग पांढरी 3, आणि सगळ्यात खालची पांढरी 6 ला, सगळं एकाच सप्तकात. म्हणजे पांढरी 1 चा सा धरला तर प-सा-ग-ध. वरची तार दुसरीपेक्षा उंच लागते म्हणून गोंधळू नका, तसंच असतं ते, गिटारवाल्यांना सवय व्हायला वेळ लागतो. पेटी जुनी असेल तर 440 ला जुळणार नाही, यूट्यूबबरोबर वाजवायचं असेल त्या दिवशी ॲपनं लावा, भजनाला बसायचं असेल तर पेटीनं.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला खिळ्यावर टांगू नका, बॅगेत ठेवा, औषधाच्या डबीतल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका. आणि उन्हात गाडीत ठेवून बाजाराला जाऊ नका, उष्णतेनं डिंक सुटतो आणि ब्रिज वर येतो.