'हा विचार नको' म्हटलं की तोच का येतो? या चुका टाळा

रात्रीचे दोन वाजलेत. दुपारी साहेब सगळ्यांसमोर जे बोलले, ते डोक्यात दहाव्यांदा वाजतंय. आपण मनाला दटावतो, 'बास! आता हा विचार नको.' सगळ्यात मोठी चूक हीच.

१९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. पुढे त्याच मुलांना अस्वलाची मोकळीक दिली, तेव्हा तर ते आणखी उसळून आलं. विचार आला नाही ना, हे तपासायलाही तो आठवावा लागतो, त्याला काय करणार!

त्यापेक्षा विचाराला वेळ नेमून द्या. संध्याकाळी रोज ठरावीक वेळी वीस-तीस मिनिटं वही घेऊन बसायचं आणि काय झालं, कशाची भीती वाटते, उद्या काय करता येईल ते लिहायचं. रात्री तोच विचार आला तर 'उद्या साडेसहाला' म्हणायचं. पहिले काही दिवस स्वतःचंच हसू येतं. हे अंथरुणात मात्र नको. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसा, मोबाइल न घेता.

दुसरी चूक म्हणजे सगळ्याला 'टेन्शन' म्हणणं. मराठीत धास्ती, रुखरुख, चीड, अपमान, हुरहुर असे शब्द असताना एकाच डब्यात सगळं कोंबायचं कशाला? शिवाय प्रत्येकाचा उपाय वेगळा. रिपोर्टची धास्ती असेल तर डॉक्टरांना नीट विचारलं की ती कमी होते. आईला तोडून बोलल्याची रुखरुख असेल तर एक फोन लागतो. तिथे प्राणायाम करून भागत नाही.

आणि राग बाहेर काढायचा म्हणून भांडी आपटू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅग बडवणारे लोक, दोन मिनिटं नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं.