सही करताना या चुका टाळा

‘दादा, इथं सही करा, बाकीचं मी भरून घेतो.’ पीककर्जाचे दिवस आले की चोपडा-यावलकडे हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि आपली माणसं विश्वासानं सही करून मोकळी होतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

‘सही’ हा शब्द मूळ अरबी ‘सहीह’वरून आला. अर्थ : बरोबर, खरं. म्हणजे सही करणारा नुसतं नाव लिहीत नाही, ‘वर लिहिलंय ते खरं’ अशी ग्वाही देतो. वर काहीच नसेल तर ग्वाही कशाची? कोऱ्या चेकवर सही करून दिलीत, तर ‘आकडा माझ्या अक्षरातला नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

दुसरी चूक मजकूर आणि सही यांत जागा सोडण्याची. शिवकालीन पत्रांत वर शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे शेवटची मुद्रा : ‘मर्यादेयं विराजते’. लिहिण्याची मर्यादा इथं संपली, पुढं कुणी काही घुसडायचं नाही! ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथलाच. तेव्हा मजकुराला लागून सही करा, उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारा.

रावेरच्या पलीकडे मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर, त्यामुळे हिंदी आपल्या अंगवळणी पडलेली. हिंदीत ‘हस्ताक्षर’ म्हणजे सही, मराठीत मात्र हाताचं वळण. फारसी ‘दस्तखत’चीही घडण तीच : दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लेखन. बँकेच्या कागदावर ‘हस्ताक्षर’ वाचून काहीजण सुवाच्य नाव लिहितात. बँक अक्षराचं सौंदर्य पाहत नाही, नमुन्याशी जुळतं का ते पाहते.

सही इंग्रजीतच हवी, हाही गैरसमज. इंग्रजी ‘सिग्नेचर’चं मूळ लॅटिन ‘सिग्नम’, म्हणजे खूण. खुणेला भाषेची अट नसते. नातवानं हौसेनं आजीला इंग्रजी सही शिकवली आणि खात्यावर नमुना मराठीचा, तर पैसे अडतात. सही बदलायची असेल तर आधी अर्ज देऊन नवा नमुना नोंदवा.

अंगठ्याची लाज तर अजिबात नको. जुन्या कागदांवर पाटलाची ‘निशाणी नांगर’ असे, आणि ती पुरेशी असे. 1897च्या सर्वसाधारण वाक्यखंड कायद्यातही लिहिता न येणाऱ्याची खूण ही सहीच धरली आहे. मात्र मजकूर आधी मोठ्यानं वाचून घ्या, आणि ज्यांनी तो ऐकला अशाच दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घ्या. केळीच्या चिकानं काळवंडलेला हात असेल, तर आधी धुऊन कोरडा करा. शाई थोडीच लावा आणि अंगठा टेकवून सरळ उचला. फिरवला की रेषा पुसट होतात.