डीएमईचं कमी तापमानातलं ऑक्सिडेशन अभ्यासायचंय? सुरुवात इथून करा

बरेच जण थेट मोठं मेकॅनिझम (सगळ्या रिॲक्शन आणि त्यांच्या वेगांची यादी) डाउनलोड करतात, शेकडो रिॲक्शन बघून दमतात आणि सोडून देतात. तसं करू नका, आधी एक कागद घ्या आणि हाताने साखळी काढा. डायमिथाइल इथर म्हणजे डीएमई यासाठी फार छान, कारण मध्ये ऑक्सिजन, दोन्हीकडे मिथाइल, सहाही हायड्रोजन सारखेच, त्यामुळे कुठलाही काढला तरी रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, चटकन रिॲक्ट होणारा तुकडा) एकच बनतो. शिवाय हे नुसतं पुस्तकी इंधन नाही, डिझेलला पर्याय म्हणून त्याच्यावर काम चालतं आणि आपल्या पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) डीएमई-एलपीजी मिश्रणावर चालणारा बर्नरही केलाय.

तर साखळी अशी. ओएच रॅडिकल येऊन एक हायड्रोजन काढतो, रॅडिकल बनतो, त्याला ऑक्सिजन चिकटतो (याला आरओटू म्हणतात), मग तो आरओटू स्वतःच्याच दुसऱ्या टोकाचा हायड्रोजन ओढून घेतो आणि क्यूओओएच (एका टोकाला ओओएच गट असलेला रॅडिकल) तयार होतो. इथे थांबा. सगळी गंमत या क्यूओओएचमध्येच आहे कारण त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, तो फुटतो आणि दोन फॉर्मल्डिहाइड व एक ओएच देतो, म्हणजे एक ओएच खर्च झाला, एक परत आला, वर फॉर्मल्डिहाइड पुन्हा ओएच खातंच. दोन, त्याला दुसरा ऑक्सिजन चिकटतो, एक ओएच सुटतो आणि हायड्रोपेरॉक्सीमिथाइल फॉर्मेट बनतं, पुढे त्याचा ओ-ओ बंध तुटला की आणखी एक ओएच. एकाचे दोन झाले, याच वाटेने रिॲक्शन पेट घेते. तापमान वाढलं की पहिली वाट जिंकायला लागते, म्हणून मधल्या पट्ट्यात तापमान वाढवूनही इंधन कमी जळतं. यालाच एनटीसी (निगेटिव्ह टेम्परेचर कोएफिशंट) म्हणतात.

आता लॅपटॉपवर बघा. कॅन्टेरा हे रिॲक्शनचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याच्यासोबत येणारं जीआरआय ३.० मेकॅनिझम वापरू नका, त्यात डीएमई नाहीच! प्रिन्स्टनचं २००८ चं झाओ आणि सहकाऱ्यांचं मेकॅनिझम किंवा गॉलवेचं अ‍ॅरॅमको घ्या, केमकिन (अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअर) फॉरमॅटमध्ये असेल तर कॅन्टेराच्याच सीके-टू-यामलने बदलून घ्या. जेट-स्टर्ड रिॲक्टरसारखा (आतला वायू सतत पूर्ण ढवळला जाणारा) एक रिॲक्टर मांडा, एनर्जी ऑफ (म्हणजे तापमान स्थिर), १ ॲटमॉस्फिअर, रेसिडन्स टाइम (वायू आत राहतो तो वेळ) २ सेकंद, २ टक्के डीएमई, ६ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. ४५० ते ९०० केल्विन १०-१० च्या पायरीने चालवा आणि उरलेलं डीएमई तापमानासमोर प्लॉट करा. मग नुसता ऑक्सिजन वाढवून तेच परत चालवा, दुसरी वाट कशी बळकट होते ते डोळ्याने दिसेल. माझ्या मते हा एक रन दहा पेपर वाचण्यापेक्षा जास्त शिकवतो.

खऱ्या रिॲक्टरवर काम करणार असाल तर सील टेफ्लॉनचे लावा, डीएमईने बरेच रबर फुगतात. तापमान वाढवताना वायू फुगतो हे विसरू नका, रेसिडन्स टाइम तेवढाच ठेवायचा तर फ्लो कमी करावा लागतो. आणि भट्टीच्या डिस्प्लेवर विश्वास नको, उष्णता सुटते म्हणून थर्मोकपल आतच हवा.

सगळ्यात जास्त लक्ष कार्बन बॅलन्सवर (आत गेलेला कार्बन बाहेर मोजलेल्याशी जुळतो का) द्या. माझा सुरुवातीला जुळतच नव्हता, कितीतरी दिवस मी मेकॅनिझमलाच दोष देत बसलो, शेवटी कळलं की सॅम्पल लाइन थंड होती आणि फॉर्मल्डिहाइड आतच पॉलिमर होऊन बसत होतं. लाइन तापवा. जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफचा) एफआयडी हा ज्वालेवर चालणारा डिटेक्टर फॉर्मल्डिहाइडला जवळजवळ दाद देत नाही, मिथेनायझर (त्याचं आधी मिथेन करणारा) किंवा एफटीआयआर (इन्फ्रारेडने मोजणारं यंत्र) लागेल, आणि पेरॉक्साइड तर गरम इंजेक्टरमध्येच मोडतात. म्हणूनच ते हायड्रोपेरॉक्सीमिथाइल फॉर्मेट २०१५ मध्ये बर्कलीच्या सिंक्रोट्रॉनवर, रिॲक्टरमधून थेट मॉलिक्युलर बीम काढून, ९२ वस्तुमानावर पकडलं गेलं.

तशा मास स्पेक्ट्रममध्ये ४६ चा पीक दिसला की लगेच डीएमई लिहू नका, फॉर्मिक ॲसिडही ४६ च आहे. डीएमई साधारण १०.० ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या प्रकाशाने आयनित होतं, फॉर्मिक ॲसिड ११.३ ला, त्यामुळे एक मोजणी १०.६ ला घ्या आणि एक ११.५ च्या वर, मग दोघं वेगळे करता येतात.